कलुगाचे गुरुजी

मॉस्कोच्या नैर्ऋत्येस, ओका नदीच्या काठी, कलुगा नावाचे एक जुने शहर वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे एक शिक्षक राहत असत. त्यांचा पगार बेताचा होता आणि कानांनी ते जवळजवळ बहिरे होते. स्वतःच्या हाताने तयार केलेला पत्र्याचा लांब कर्णा कानाला लावल्यावाचून त्यांना समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येत नसे. शाळा सुटली, की ते घरी येऊन करवत, कातर आणि पत्रे यांच्या पसाऱ्यात रमून जात, आणि उरलेल्या वेळात कागदावर लांबच लांब आकडेमोड करीत बसत. गावातील पुष्कळ लोक त्यांना विक्षिप्त समजत. परंतु माणूस पृथ्वी सोडून अंतराळात कसा जाऊ शकेल, याचे शास्त्रशुद्ध गणित ज्यांनी मांडले, ते हेच शिक्षक होत. त्यांचे नाव कॉन्स्टँटिन एदुआर्दोविच त्सिओल्कोव्हस्की.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ रोजी रशियातील रियाझान प्रांतात, इझेव्हस्कोये या खेड्यात झाला. वडील जंगलखात्यात नोकरीस होते. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत थोडी, अशी स्थिती होती. आई मोठी हौशी व समजूतदार होती. कॉन्स्टँटिनला अक्षरओळख तिनेच करून दिली. तो आठ वर्षांचा असता तिने त्याला एक छोटासा फुगा आणून दिला. तो हायड्रोजन वायूने भरलेला असल्यामुळे आपोआप वर जाई. मुलाला त्याचे भारी नवल वाटले. पुढे तो पतंगही करू लागला. एका लहानशा डबीत झुरळ ठेवून ती डबी पतंगाबरोबर आकाशात पाठवावयाची, हा त्याचा आवडता खेळ होता. पृथ्वीवरून वर जाणाऱ्या प्रवाशांचा विचार त्याच्या मनात असा खेळताखेळताच सुरू झाला होता.

परंतु हे सुख फार दिवस टिकले नाही. सुमारे दहा वर्षांचा असता, हिवाळ्यात बर्फावर घसरगाडी खेळून आल्यावर, त्याला थंडी बाधली आणि लोहितांग ज्वर झाला. जीव वाचला, पण श्रवणशक्ती गेली. काल-परवापर्यंत सवंगड्यांत हुंदडणारा मुलगा एकाएकी एकटा पडला. वर्गात शिक्षक काय सांगतात, हे त्याला ऐकू येईना. सोबती हसले, तर ते कशाला हसले, हे कळेना. त्यातच १८७० मध्ये त्याची आई वारली. पुढे काही काळाने त्याची शाळाही सुटली, आणि ती कायमचीच. यानंतर त्सिओल्कोव्हस्कींनी कोणत्याही शाळेत विद्यार्थी म्हणून पाऊल टाकले नाही.

ज्याची शाळा सुटली, त्याचे शिक्षण सुटलेच पाहिजे, असे नाही. वडिलांच्या कपाटात गणिताची व विज्ञानाची थोडी पुस्तके होती. ती त्याने एकट्याने वाचावयास घेतली. पुस्तकात जे वाचावे, ते हाताने करून पाहावे, असा त्याचा नेम होता. एका पुस्तकात, दूरच्या वस्तूपर्यंत न जाताच तिचे अंतर कसे मोजावे, ही रीत दिलेली होती. त्याने लगेच कोन मोजण्याचे एक साधे यंत्र तयार केले. घरातूनच गावातील आगीच्या टेहळणी बुरुजाकडे ते रोखले आणि हिशेब केला. उत्तर आले ४०० आर्शिन, म्हणजे सुमारे २८४ मीटर. नंतर तो स्वतः चालत गेला आणि जमिनीवरून अंतर मोजून आला. दोन्ही उत्तरे जुळली! बुरुजाला हात न लावता केवळ बुद्धीच्या बळावर त्याचे अंतर सांगता येते, हे त्याला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसले. गणितावर त्याचा विश्वास बसला, तो जन्मभर ढळला नाही.

मुलाची ही बुद्धी पाहून वडिलांनी १८७३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला मॉस्कोस पाठविले. तेथे तो तीन वर्षे राहिला. महाविद्यालयात प्रवेश नव्हता, ओळखीचे कोणी नव्हते. वडील दरमहा थोडे रूबल पाठवीत. त्यातील बहुतेक पैसे पुस्तके, नळ्या, पारा आणि आम्ले यांवर खर्च होत. खाण्यासाठी तो केवळ काळ्या पिठाचा पाव विकत घेई, आणि त्यावर महिन्याला ९० कोपेक, म्हणजे एका रूबलापेक्षाही कमी खर्च करी. आम्लाचे थेंब पडून विजारीला भोके पडलेली असत, आणि रस्त्यातील मुले त्यावरून त्याची चेष्टा करीत. त्याचे त्याला काहीच वाटत नसे. दिवसभर तो सार्वजनिक ग्रंथालयात बसे. तेथील ग्रंथपाल निकोलाय फ्योदोरोव्ह हे मोठे विद्वान आणि दयाळू गृहस्थ होते. त्या ग्रंथालयात बसून त्याने उच्च गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि खगोलशास्त्र यांचा अभ्यास केला. तथापि अपुऱ्या अन्नामुळे प्रकृती खंगत चालली, तेव्हा १८७६ मध्ये वडिलांनी त्याला घरी परत बोलावून घेतले.

घरी आल्यावर तो मुलांच्या शिकवण्या करू लागला. आणि येथेच एक गोष्ट ध्यानात आली. जो स्वतः वर्गात काही ऐकू शकला नव्हता, तो इतरांना मात्र फार चांगले समजावून देऊ शकत होता. त्याचे कारण उघड होते. कानांनी ऐकून शिकण्याची वाट त्याला बंद झालेली होती, म्हणून प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहून व हातांनी करून शिकण्याची सवय त्याला लागली होती. भूमिती शिकविताना तो कागदाच्या आकृती कापून, चिकटवून मुलांच्या हाती देई. घन म्हणजे काय, शंकू म्हणजे काय, हे मुलांना बोटांनीच कळे.

१८७९ मध्ये त्याने शिक्षकाची परीक्षा दिली, आणि १८८० च्या आरंभी बोरोव्हस्क या लहानशा गावातील शाळेत अंकगणित व भूमितीचे शिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याच वर्षी वारवारा सोकोलोव्हा हिच्याशी त्याचा विवाह झाला. येथून पुढे त्सिओल्कोव्हस्की हे सर्वांचे गुरुजी झाले. हा पेशा त्यांनी सुमारे चाळीस वर्षे चालविला.

बोरोव्हस्कची मुले या नव्या गुरुजींवर खूश होती. त्यांच्या घरी विजेची यंत्रे होती. एका यंत्राला हात लावला, की अंगावरचे केस ताठ उभे राहत आणि ठिणग्या निघत. परंतु मुलांना सर्वांत आवडे तो गुरुजींचा कागदी फुगा. पातळ कागद चिकटवून ते एक प्रचंड फुगा तयार करीत. त्याच्या तोंडाशी बारीक तारेची जाळी बसवीत आणि तीवर लाकडाच्या जळत्या ढलप्या ठेवीत. आतली हवा तापली, की ती प्रसरण पावे आणि बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलकी होई. मग तो फुगा हळूहळू जमीन सोडून वर चढे. खाली त्याला दोरा बांधलेला असे. दोरा जितका लांब, तितका फुगा उंच. तापलेली हवा हलकी होते, हे वाक्य पुस्तकातून घोकण्याची त्या मुलांना कधीच गरज पडली नाही.

एके दिवशी मात्र अनर्थ ओढवण्याची वेळ आली. फुग्याच्या खालचा दोराच जळून गेला, आणि तो सुटलेला फुगा ठिणग्या आणि जळत्या ढलप्या गाळीत गावावरून निघाला. गावातील घरे लाकडी. एखादी ठिणगी पडती, तर आळीच्या आळी भस्मसात होण्यास वेळ लागला नसता. फुगा जाऊन उतरला तो एका चांभाराच्या छपरावर. सुदैवाने आग लागली नाही. पण चांभार संतापला. त्याने फुगा जप्त करून ठेवला आणि गुरुजींवर फिर्याद करण्याची भाषा सुरू केली. बोलणाऱ्यांच्या तोंडी गोष्ट वाढत गेली. गुरुजींचा फुगा एका घरावर पडून त्याचा भयंकर स्फोट झाला, येथपर्यंत तिची मजल गेली.

अशा प्रसंगी दुसरा एखादा शिक्षक काय करता? तो एक तर भिऊन प्रयोगच बंद करता, किंवा हट्टाने पूर्वीप्रमाणेच फुगे उडवीत राहता. त्सिओल्कोव्हस्कींनी यांपैकी काहीही केले नाही. चांभाराचा राग योग्य होता, हे त्यांना दिसत होते, आणि मुलांचा आनंद खरा होता, हेही दिसत होते. त्यांनी विचार केला आणि प्रयोगाची रीत बदलली. फुगा जमिनीवर असतानाच त्यातील हवा तापवावयाची, नंतर विस्तव काढून घ्यावयाचा, आणि मग फुगा सोडावयाचा. आता फुग्याबरोबर विस्तव जात नसे. हवा निवली, की तो थोड्याच वेळात खाली येई. मुले त्याच्या मागे धावत, जेथे पडेल तेथून त्याला उचलून आणीत, आणि पुन्हा गुरुजींच्या हाती देत. धोका गेला, विद्या राहिली, आणि खेळाची गंमत तर दुप्पट झाली.

या काळात गुरुजी स्वतःही एक विद्यार्थीच होते. अंतराळात जाणाऱ्या माणसाच्या शरीरावर मोठा दाब येईल, तो त्याला सोसवेल काय, हा प्रश्न त्यांना तरुणपणापासून पडला होता. त्यांनी एक गरगर फिरणारे यंत्र केले आणि त्यावर बसविलेल्या झुरळाचे वजन ३०० पट, तर कोंबडीच्या पिलाचे सुमारे १० पट होईल, इतका वेग दिला. दोन्ही जीव सुखरूप राहिले. ज्या काळी माणसाला साधे विमानही ठाऊक नव्हते, त्या काळी हा तरुण अंतराळातील प्रवाशाच्या प्रकृतीची काळजी वाहत होता.

संकटांनी मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १८८७ मध्ये त्यांच्या घराला आग लागली, आणि पुस्तके, टिपणे व नमुने जळून गेले. पुढे पुराचे पाणी घरात शिरले. अशा प्रसंगी संसाराचा भार वारवाराबाईंनी उचलला. पगारातील पैसा पत्रे आणि कागद यांवर खर्च होई, आणि घरातील सात मुलांना पुष्कळ वेळा काटकसरीतच दिवस काढावे लागत. त्सिओल्कोव्हस्कींचे मोठेपण सांगताना या माउलीचे आणि त्या मुलांचे कष्ट विसरणे बरोबर होणार नाही. विद्येसाठी एक माणूस जेव्हा झटतो, तेव्हा त्याची किंमत पुष्कळदा घरातील सर्वांनी मिळून दिलेली असते.

१८९२ मध्ये त्यांची बदली कलुगास झाली. तेथे पुढे मुलींच्या एका शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवू लागले. शाळेत प्रयोगाची खोली होती, पण तिची दुर्दशा झालेली होती. बहुतेक उपकरणे मोडलेली होती. नवी उपकरणे येईपर्यंत वाट पाहत बसणे गुरुजींच्या स्वभावात नव्हते. जी दुरुस्त होण्यासारखी होती, ती त्यांनी दुरुस्त केली. जी नव्हतीच, ती स्वतः तयार केली. निरनिराळ्या तऱ्हेच्या कप्प्या, विजेचे घट, विजेवर फिरणारी छोटी यंत्रे, रसायनाच्या प्रयोगांसाठी साध्या बाटल्यांची जुळणी, असे सर्व साहित्य त्यांनी आपल्या हातांनी उभे केले. ऐकू कमी येत असल्यामुळे उत्तर देणारी मुलगी त्यांच्या अगदी जवळ येऊन मोठ्याने बोले. पण प्रयोग चालू झाला, की बोलण्याची फारशी गरजच उरत नसे. सर्वांचे डोळे टेबलावर खिळलेले असत.

शाळेबाहेरचा वेळ ते आपल्या संशोधनास देत. धातूच्या पातळ पत्र्याची, हलक्या वायूने भरलेली, हवेत तरंगणारी नौका बांधता येईल, असे त्यांचे मत होते. त्यावर त्यांनी अनेक वर्षे परिश्रम केले. १८९४ मध्ये त्यांनी पक्ष्यासारख्या आकाराच्या विमानाविषयी लेख लिहिला. परंतु हवेतून जाणाऱ्या वस्तूला हवा किती अडविते, हे मोजल्यावाचून पुढे जाणे शक्य नव्हते. म्हणून १८९७ मध्ये त्यांनी आपल्या राहत्या घरात एक यंत्र उभारले. वाऱ्याचा बोगदाच तो! एका बाजूने पंख्याने वारा घालावयाचा आणि त्या वाऱ्यात गोल, शंकू, सपाट फळी, लांबट आकृती अशा वस्तू टांगून प्रत्येकीवर वाऱ्याचा जोर किती पडतो, ते मोजावयाचे. पुठ्ठा आणि डिंक यांनी त्यांनी कितीतरी आकृती तयार केल्या. पुढे विज्ञान अकादमीने त्यांना या कामासाठी ४७० रूबल दिले. बाहेरून मिळालेली अशी मदत त्यांच्या आयुष्यात फार थोडी होती.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कार्याकडे वळू. फुगा हवेत तरंगतो, विमान हवेच्या आधारावर उडते. पण जेथे हवाच नाही, तेथे कसे जावयाचे? याचे उत्तर त्सिओल्कोव्हस्कींना अग्निबाणात सापडले. दिवाळीत आपण बाण उडवितो. बाणातील दारू जळून तिचा वायू वेगाने खाली जातो, आणि बाण वर जातो. पुष्कळांना वाटते, की तो वायू हवेला रेटतो, म्हणून बाण वर उडतो. तसे नाही. शांत तळ्यातील नावेत बसून एखाद्या मुलाने एकामागून एक दगड जोराने मागे फेकले, तर नाव पुढे सरकते. तेथे दगडांनी कशाला रेटले? कशालाही नाही. मुलाने दगड मागे ढकलले, म्हणून दगडांनी मुलाला आणि नावेला पुढे ढकलले. अग्निबाणाचे असेच आहे. त्याला हवेचा आधार लागत नाही. उलट, हवेची अडवणूक नसेल, तर तो अधिकच चांगला जातो.

पण किती वेगाने जाईल? जळण किती लागेल? हे जोवर आकड्यांत सांगता येत नव्हते, तोवर ती केवळ कल्पना होती. त्सिओल्कोव्हस्कींनी त्याचे सूत्र शोधून काढले. समजा, अग्निबाणातून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडत आहे. हवेचा अडथळा आणि पृथ्वीची ओढ क्षणभर बाजूला ठेवू. रिकाम्या अग्निबाणाच्या वजनाच्या सुमारे १.७ पट जळण भरले, तर शेवटी त्याचा वेगही सेकंदाला ३ किलोमीटर होतो. वेग दुप्पट हवा असेल, तर जळण दुप्पट घेऊन भागत नाही, ते ६.४ पट लागते. वेग तिप्पट हवा असेल, तर १९ पट लागते. पृथ्वीभोवती फिरत राहावयाचे, तर सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर वेग पाहिजे. म्हणजे अंतराळात जाणे अशक्य नाही, पण अतिशय कठीण आहे, हे त्या सूत्राने स्पष्ट केले. दारूपेक्षा अधिक जोरकस जळण हवे, म्हणून द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप प्राणवायू वापरावा, असेही त्यांनी सुचविले.

हे सर्व त्यांनी १९०३ मध्ये एका रशियन मासिकात प्रसिद्ध केले. त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी अमेरिकेत राइट बंधूंचे पहिले विमान उडाले आणि ते अवघे काही सेकंद हवेत राहिले. माणसाला जमिनीपासून काही फूट उंच जाणे साधत होते न होते, तोच कलुगाचे गुरुजी ग्रहांपर्यंतच्या प्रवासाचा हिशेब मांडून बसले होते! परंतु त्या लेखाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. १९०८ मध्ये ओका नदीला मोठा पूर आला आणि त्यांच्या घरातील कितीतरी कागद नष्ट झाले. तरीही ते लिहीतच राहिले. १९११ व १९१२ मध्ये लेखाचा पुढील भाग प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे जाणकारांचे डोळे उघडले.

हेच विचार इतर देशांतही स्वतंत्रपणे जन्मास आले होते, हे येथे सांगितले पाहिजे. जर्मन भाषेत हेर्मान ओबर्थ यांचे अग्निबाणावरील पुस्तक १९२३ मध्ये निघाले. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रवरूप जळणाचा पहिला अग्निबाण प्रत्यक्ष उडविला. त्सिओल्कोव्हस्कींनी स्वतः असा अग्निबाण कधीच बांधला नाही. त्यांची धातूची हवाई नौकाही पूर्ण आकारात कधी तरंगली नाही. मग त्यांचे काम कोणी पुढे नेले?

त्याचे उत्तर एका पत्रात आहे. १९२३ मध्ये काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसा शहरातून पंधरा वर्षांच्या एका मुलाने त्सिओल्कोव्हस्कींना पत्र लिहिले. त्याला अंतराळप्रवासाचा ध्यास लागला होता आणि त्यांची पुस्तके हवी होती. गुरुजी तेव्हा पासष्टी ओलांडलेले, निवृत्त झालेले आणि थकलेले होते. अनोळखी पोराचे पत्र त्यांनी बाजूला ठेवले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी उत्तर लिहिले आणि आपली पुस्तकेही पाठविली. त्या मुलाचे नाव व्हालेंतिन ग्लुश्को. पुढे तो अग्निबाणांच्या इंजिनांचा थोर रचनाकार झाला. १९६१ मध्ये ज्या अग्निबाणातून माणूस प्रथम अंतराळात गेला, त्या अग्निबाणाच्या खालच्या टप्प्यांची इंजिने याच ग्लुश्को यांच्या हाताखाली तयार झाली होती.

उतारवयात त्सिओल्कोव्हस्कींना मान मिळाला. १९२१ मध्ये सरकारने त्यांना तहहयात निवृत्तिवेतन दिले. १९२९ मध्ये त्यांनी एकामागून एक सुटत जाणाऱ्या अग्निबाणांच्या मालिकेची कल्पना सविस्तर मांडली. एका टप्प्याचे जळण संपले, की त्याचे रिकामे ओझे टाकून द्यावयाचे आणि पुढच्या टप्प्याने पुढे जावयाचे. त्यांच्या सूत्राने दाखविलेल्या अडचणीतून हीच वाट निघत होती. १९३३ मध्ये एका चित्रपटासाठी त्यांनी अंतराळयानाची चित्रे काढून दिली. वजनरहित झालेली माणसे यानात कशी तरंगतील, बाहेर पडताना दुहेरी दारांची खोली कशी वापरतील, हे त्यांत रेखाटलेले आहे. प्रत्यक्षात असे काहीही घडण्यापूर्वी तीस वर्षे काढलेली ती चित्रे आज पाहिली, तर आश्चर्य वाटते. १९ सप्टेंबर १९३५ रोजी कलुगा येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे राहते घर पुढच्याच वर्षी संग्रहालय झाले.

त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली त्या वर्षी, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अंतराळात जाऊन आले, आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांनी कलुगा येथे अंतराळविद्येच्या संग्रहालयाची कोनशिला बसविली. चंद्राच्या पलीकडच्या बाजूस एक प्रचंड विवर आहे. त्याला त्सिओल्कोव्हस्की यांचे नाव देण्यात आले आहे.

आपल्या देशाशीही त्यांच्या विचाराचे नाते आहे. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून चंद्रयान-३ निघाले आणि २३ ऑगस्टला ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात अलगद उतरले. त्याला वर नेणारा अग्निबाण टप्प्याटप्प्यांचा होता, आणि त्याच्या सर्वांत वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप प्राणवायू हेच जळण होते. एका शिक्षकाने १९०३ मध्ये कागदावर सुचविलेली जोडी ती हीच.

मुलांनो, या गुरुजींचा धडा केवळ वाचून सोडून देऊ नका. दोन खांबांमध्ये एक ताठ दोरा बांधा. त्यात एक हलकी पोकळ नळी ओवा, आणि तिला फुगविलेला रबरी फुगा चिकटपट्टीने चिकटवा. फुग्याचे तोंड सोडा आणि तो किती अंतर धावतो, ते मोजा. मग नळीवर एक लहानसे ओझे बांधून पुन्हा तोच प्रयोग करा. फुगा कमी का धावला, याचा विचार करा. यात विस्तव नाही, खर्चही नाही. त्सिओल्कोव्हस्कींच्या सूत्रात जे दडलेले आहे, त्याचा पहिला ओनामा तुम्हांला या दोऱ्यावर पाहावयास मिळेल. उत्तर चुकले, तर रीत बदला आणि पुन्हा करून पाहा. बोरोव्हस्कची मुले धावत जाऊन पडलेला फुगा परत आणीत, आणि गुरुजी तो पुन्हा वर सोडीत. त्यांचे शिकणे असेच चालत असे.